अप्पांची दुपारची गार झोप

...आन् वरून तुम्ही मलाच इचारून राहिले, की अमरनाथराव, घरात नवाकोरा एसी असताना तुम्ही दुकानात पंख्याखाली घाम पुसत कामून बसलेत! बसा. बसा हितं, ती घागर जरा सरकवा तिकडं, आन् ऐका. गिऱ्हाईक न्हाई कुणी, ह्या उन्हात गंजगोलाईच्या बाजारात चिटपाखरू फिरंना, मलाबी कुणाला तरी सांगायचंच होतं. तुम्हाला सांगतो, मी काय मागितलं होतं? बंगला मागितला? गाडी मागितली? माझ्या बापाला दुपारची गार झोप. दोन तास. बस्स!

आमच्या अप्पांना तर तुम्ही वळखता. माणिकप्पा. ह्या भांड्याच्या दुकानात ज्या गादीवर मी आत्ता बसलोय तिच्यावर पन्नास वर्सं बसले, तांब्या नुस्ता बोटानं वाजवून सांगायचे की पितळ कसं हाय. आता त्र्याऐंशी चालू हाय. दुकान सुटलं, गुडघे सुटले, पर सवय सुटंना. सकाळी पूजा, कपाळभर इभूत, भाकरी, आन् मग घरच्या पुढच्या खोलीत बाजेवर बसायचं, दार सताड उघडं, रस्त्यानं कोण चाललं ते बघत. आन् दुपारी तिथंच आडवं व्हायचं, कूलरपुढं.

कूलर! आता त्याचं सांगतो. आमची अक्षरा जन्मली त्या साली घेतलेला, पत्र्याचा, उभा केला तर माझ्या खांद्याला लागतो. त्याचं दर साली एक बाळंतपण असायचं बघा. पाडवा झाला, गुढी उतरली, की माळ्यावरून कूलर उतरवायचा. चार माणसं लागायची, त्यातला एक नेमका ऐनवेळी म्हणायचा, "थांबा, माझं बोट सापडलं!" मग गंज खरवडायचा, टाकीला आतून डांबर मारायचं, बाजूच्या ताट्यांतलं जुनं गवत काढून नवं भरायचं, मोटारीला तेल सोडायचं, पंपाच्या जाळीतला गाळ काढायचा. येवढं करून तो चालू झाला की करंट मारायचा! मारायचाच. आमच्या घरात लहान लेकराला पहिलं चालायला शिकवायचे आन् दुसरं हे, की कूलरला हात लावताना पायात चप्पल पाहिजे, आन् दुसरा हात पाठीमागं. पाव्हणे नवे असले की त्यायला आधी हे सांगायचं, मग पाणी इचारायचं.

आन् त्याचा एक कायदा होता, अप्पांचा. "अमरा, वारं आत यायचं आसंल तर भायेर जायला वाट पाहिजे." खरं हाय की! कूलर खिडकीत, समोरचं दार उघडं, मागची खिडकी उघडी, तवा कुठं तो गार करतो. दार लावलं की घरात नुस्ता दमटपणा, पापड मऊ, अंगाला कपडे चिकटलेले. हा कायदा अप्पांच्या हाडात गेलेला. ध्यानात ठेवा हे, पुढं ह्याच कायद्यानं माझा जीव काढला.

आता मागच्या मे म्हैन्यातली गोष्ट. मी दुकानात. दुपारचे तीन. महानंदेचा, म्हंजे आमच्या घरच्यांचा, फोन. "आवो, अप्पा बोलंनात. डोळे उघडे हायत पर बोलंनात." तुम्हाला सांगतो, गल्ला उघडा टाकून पळालो मी. पळत गेलो, गाडी हितंच राहिली, ते मला दवाखान्यात ध्यानात आलं. अप्पांच्या कपाळाला हात लावला तर हात मागं घेतला मी. तीन दिवस सलाईन. मी भायेरच्या बाकड्यावर बसून रडलो, सांगायला लाज कशाची! सत्तावन्न वर्सांचा माणूस, जावई यायच्या वयाचा, आन् रडून राहिलो, की हा म्हातारा गेला तर मला अमरा कोण म्हणंल?

डॉक्टरीणबाई तरणी होती, पर स्पष्ट होती. म्हणली, "काका, यांना घरातच ऊन लागलंय." मी म्हणलं, घरात कसं लागंल, कूलर चालू असतो दिवसभर. म्हणली, "ते मला माहीत नाही. दुपारी खोली थंड पाहिजे, झोप पाहिजे. पुढच्या उन्हाळ्याची खात्री मी देत नाही." तिनं दोन शब्दांत सांगितलं, मला रातभर पुरलं.

घरी आलो आन् पहिलं कूलरचं झाकण उघडलं. टाकी कोरडी! थेंब न्हाई. आत एका कोळ्यानं जाळं केलेलं, बिनघोर, चांगलं दोन-तीन हप्त्यांचं बांधकाम. मी म्हणलं, अप्पा, हे काय? पंप कुणी बंद केला? अप्पा बाजेवरून म्हणतात कसे, "मी केला. रोज आठ बकिटं पाणी पितंय ते. अमरा, पाणी माणसानं प्यावं का वाऱ्याला पाजावं?"

आपण लातूरचे लोक. आपल्या गावानं रेल्वेनं आलेलं पाणी पिलंय. आपल्याकडं पाव्हण्याला अर्धा गिलास देतेत, आन् तो पिला तर उरलेला देतेत. अप्पांना आठ बकिटं वाऱ्यावर सोडणं म्हंजे पाप वाटायचं. म्हणून ते काय करायचे, महानंदा आत गेली की उठून पंपाचं बटन बंद, नुस्ता पंखा चालू. म्हंजे भायेरची त्रेचाळीस डिगरीची लू, कूलरच्या तोंडातून, सरळ बापाच्या अंगावर! कूलर न्हाई, भट्टीचा भाता झालेला तो. आन् आम्ही आतल्या खोलीत समाधानात, की आवाज येऊन राहिला, चालू हाय.

मग आला मल्लेश. मल्लेश उदगीरचा, कूलर-फ्रिज-एसी दुरुस्त करतो, आईकडून कानडी, बापाकडून मराठी, आन् स्वतःचं एकच वाक्य, "काय टेन्शन न्हाई, अण्णा." मोटार जळाली, काय टेन्शन न्हाई. पाईप फुटला, काय टेन्शन न्हाई. त्यानं कूलर उघडला, आत टॉर्च मारला, कोळी बघितला, म्हणला, "येनप्पा, काय हे, भाडेकरू ठेवलाय का? काय टेन्शन न्हाई." गवताच्या ताट्या काढून पुठ्ठ्याच्या जाळीच्या बसवल्या, कमी पाणी पिणारा पंप लावला, आठाची पाच बकिटं झाली. मला वाटलं झालं! कसलं झालं? अप्पांनी दुसऱ्या दिवशी पाचाचं शून्य केलं. पंपाची वायर काढून उशीखाली!

तवर पाऊस आला, ते साल तसंच निभावलं; ह्या साली पाडवा झाला, कूलर उतरवला आन् परत तेच, तवा अक्षराला फोन केला. ती पुण्याला नोकरीला, तिथं ऱ्हाऊन तिची भाषा सगळी कोथरुडाची झालेली. "बाबा, किती वर्षं त्या डब्याला डांबर फासत बसणार आहात तुम्ही? आजोबांपेक्षा कूलर मोठा आहे का? मी एसी पाठवतेय." मी म्हणलं, आगं इचार तरी करू दे, अप्पांना इचारतो. म्हणली, "विचारा, मी ऑर्डर टाकलीय." चार दिवसांनी दारात टेम्पो.

अप्पा खोक्याभोवती एक फेरी मारून आले. "किती मोठा हाय?" मल्लेश म्हणला, दीड टन. अप्पा खाली बसले. "दीड टन? पंधरा क्विंटल? अमरा, आपली भिंत मातीची हाय खालून. हे भिंतीला टांगून माझी बाज त्याच्याखाली घालणार तुम्ही?" आता वजनाच्या धंद्यातल्या माणसाला कसं समजावणार, की हे टन ते टन न्हाई! मल्लेशनं एकट्यानं डबा उचलून दाखवला तवा म्हणले, "मग दीड टन कशाचे पैसे घेतले? मापात पाप हाय हे."

पर खरं सांगतो, मल्लेश हुशार माणूस. त्यानं वळखलं की म्हाताऱ्याची गाठ कुठं हाय. बाजेशेजारी उकिडवा बसला, हळूच म्हणला, "अप्पा, हे मशीन पाणी पीत न्हाई. उलट देतंय." अप्पांचे कान उभे राहिले. "देतंय म्हंजे?" "हवेतलं पाणी काढतंय, नळीनं भायेर सोडतंय. बकीट ठेवा, भरंल." अप्पांनी बाजेखालचं बकीट पुढं ओढलं. मग म्हणले, "लाव."

लावला! आमची घरं एकमेकाला चिकटून, बाजूला जागा न्हाई, म्हणून त्याचा भायेरचा डबा लावला दर्शनी भिंतीला, ओट्याच्या वर, दाराच्या बाजूला. बटन दाबलं. गार हवा! काय सांगू तुम्हाला, महानंदेनं डोळे मिटून घेतले. मी म्हणलं, जितली लढाई. आता बापाला दुपारची गार झोप. दोन तास. मी दुकानात बिनघोर.

संध्याकाळी घरी आलो, इचारलं, अप्पा, लागली का झोप? म्हणले, "झोप कशाची? बकिटाकडं कोण बघायचं?" दिवसभर माणूस ओट्यावर! एसी आत, अप्पा भायेर, नळीखाली बकीट, आन् हे उन्हात खुर्ची टाकून थेंब मोजून राहिले. अडीच बकिटं निघाली म्हणून गल्लीत सांगून आले. शेजारचे अण्णाराव तांब्या घेऊन बघायला आले. ते पाणी बेलाच्या झाडाला घातलं, जिना धुतला, फरशी पुसली, आन् महानंदेला म्हणले, "सूनबाई, उद्यापासून एसी लवकर लाव, पाणी कमी पडतंय."

तवा मी नळीला पाईप जोडून सरळ बेलाच्या आळ्यात सोडला. बकीट बंद, बकिटाची राखण बंद. अप्पा आत आले. आता तरी गार झोप? आता खोली गार होईना!

मल्लेशला बोलावलं. गॅस तपासला, "गॅस बराबर हाय, काय टेन्शन न्हाई." जाळी धुतली. गेला. दुसऱ्या दिवशी परत गरम. परत बोलावलं, पाईप बघितले, वायर बघितल्या, मशीनला कान लावून बसला. त्याच्यापुढं गार, तो गेला की गरम. तिसऱ्या खेपेला मल्लेश म्हणला, "अण्णा, मशीन शाणं हाय. घरातलं कुणी तरी..." आन् अप्पांच्या बाजेकडं बघत पिशवी उचलली. मी काय केलं, जेवून दुकानाला जातो म्हणून निघालो, आन् कोपऱ्यावरून माघारी आलो. बघतो तर काय! दार सताड उघडं. समोरची खिडकी उघडी. मागची खिडकी उघडी. एसी आपला जीव तोडून सगळ्या गल्लीला गार करून राहिलाय, आन् आमच्या दारासमोर तीन कुत्री आन् अण्णाराव, रांगेत झोपलेले!

"अप्पा!!" "वरडू नको. वारं आत यायचं आसंल तर भायेर जायला वाट पाहिजे." म्हणलं, अप्पा, हे तसं न्हाई, ह्याला बंद लागतंय सगळं! तवा अप्पा उठून बसले आन् खरं ते बोलले. "अमरा, आपण दुकानदार. आपल्या सात पिढ्यांत भर दुपारी दार कुणी लावलं न्हाई. दुपारी दार लावून कोण बसतं? ज्याचं दिवाळं निघालं तो. लोक काय म्हणतील? माणिकप्पा बुडाला. आन् भिक्षेला स्वामी आले आन् बंद दार बघून माघारी गेले तर? त्याचं काय?"

आता सांगा, माझं काय चुकलं! मी काय दिवाळं मागितलं होतं? बापाला गार झोप मागितली होती. दोन तास.

पर अप्पांना जबरदस्ती करता येती का? एक दिवस दार लावून भायेरून कडी घातली, तर आतून दार वाजवत बसले, "अण्णाराव! मला कोंडलंय!" गल्ली गोळा. पाव्हण्यारावळ्यांत बातमी, की अमरनाथ बापाला कोंडून ठेवतो. भावकीतला फोन आला मुखेडहून! म्हणलं राहू दे बाबा, भीक नको पर कुत्रं आवर. मग ते प्लास्टिकच्या पट्ट्यांचे पारदर्शक पडदे असतेत न्हाई का, मिठाईच्या दुकानाला, ते लावले. दार उघडंच्या उघडं आन् हवा आत. तर अप्पांची येता-जाता कपाळाला पट्टी घासून इभूत पुसून जायची. दर खेपेला परत इभूत. दुपारपर्यंत डबी संपायची. चौथ्या दिवशी पट्ट्या विळ्यानं कापून टाकल्या त्यांनी, आन् त्या महानंदेनं लोणच्याच्या बरण्यांना बांधायला घेतल्या.

आन् ऊन वाढून राहिलं. एप्रिल सरला. मला ती डॉक्टरीणबाई दिसायची, "पुढच्या उन्हाळ्याची खात्री मी देत नाही." दुकानात फोन वाजला की मी गादीवरून उठून उभा. गिऱ्हाईक म्हणायचं कुकर दाखवा, मी परात काढून द्यायचो.

शेवटी मल्लेशच म्हणला, "अण्णा, काचंचं दार लावा की. बंदबी हाय, उघडंबी हाय." मी त्याला तिथंच मिठी मारली! जुनं दार काढलं, ॲल्युमिनियमची चौकट, वरपासून खालपर्यंत काच, आपोआप लागणारं दार. अप्पा आतून बघून आले, भायेरून बघून आले. काचंवर बोटानं वाजवून बघितलं, सवय! म्हणले, "लावलंय का उघडं हाय?" म्हणलं, तुम्हाला काय दिसतंय? म्हणले, "रस्ता दिसतोय." मग झालं तर! रस्त्यालाबी तुम्ही दिसता. मग दिवाळं कशाचं?

त्या दिवशी अप्पा झोपले. दोन तास धा मिनिटं. मी दुकानाला गेलोच न्हाई. ओट्यावर उभा राहून काचंतून बघत होतो, पोट वर-खाली होतंय का. होत होतं, सावकाश, लहान लेकरावानी. मला एकदम मोकळं वाटलं, म्हैनाभराचा श्वास सोडला मी. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी संपायला पाहिजे होती ही गोष्ट. तिथंच! पर आपलं नशीब लातूरचं हाय ना!

आपल्या गावात काचंचं दार आन् आत एसी म्हंजे काय? तुम्हीच सांगा. शिकवणीचा क्लास! दुसरं काय? धावीचा निकाल लागायचा असतो, तवापासून नांदेड, हदगाव, कंधार, कुठून कुठून मायबाप लेकरांचा हात धरून लातुरात उतरतेत, एका हातात मार्कलिस्टीची पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, आन् उन्हात ह्या क्लासातून त्या क्लासात. आन् आमच्या रस्त्याला आता घरं कमी, क्लास जादा. त्यात हे चकचकीत काचंचं दार, आतून गार, आन् आत बाजेवर एक म्हातारा, पांढरं धोतर, जाड चष्मा, कपाळाला इभूत, समोर पाण्याचा तांब्या. कुणालाबी काय वाटंल? संस्थेचे अध्यक्ष!

पहिले आले हदगावचे किशनराव. सोबत लेक, सृष्टी नावाची. दार ढकललं, चपला भायेर काढल्या, हात जोडले, "सर, ॲडमिशन चालू हाय का?"

आता अप्पांनी काय म्हणावं? म्हणावं की बाबा, हे घर हाय, पुढं जा. पर पन्नास वर्सं गादीवर बसलेला माणूस! पायरी चढून आला तो गिऱ्हाईक, आन् गिऱ्हाइकाला न्हाई म्हणायचं नसतं, आधी पाणी द्यायचं असतं. "या. बसा. सूनबाई, पाणी आण. दार लावून घ्या आधी, हवा जातीय." ऐका! दार लावून घ्या! कोण म्हणलं हे? माझा बाप! "लेक कितवीला? अकरावीला? बरं. जेवली का?" पोरगी रडायला लागली. सकाळपासून समदे टक्के इचारत होते तिला, जेवली का म्हणून कुणी इचारलं नव्हतं. महानंदेनं भाकरी वाढली. मग अप्पा म्हणले, "किशनराव, क्लास कंचाबी लावा, शिकवणारे समदे हुशार हायत. होस्टेल बघताना बोअर बघा. बोअरला उन्हाळ्यात किती पाणी राहतंय ते इचारा. ह्या गल्लीतले बोअर फेब्रुवारीत आटतेत, त्या तिकडच्या अंगाला जुनी इहीर हाय, तिथल्या बोअरला मे म्हैन्यातबी पाणी असतं. लेकरू पाण्यापायी बेजार झालं तर अभ्यास कवा करंल?"

किशनराव पाया पडले. खरंच पडले! इतक्या क्लासात फिरून आले, ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती. आन् अप्पांना साठ वर्सांचं लातूरचं पाणी पाठ हाय, कंच्या साली कंची इहीर आटली, कुठं कुणाच्या हातानं बोअर लागला. घरात आम्ही कुणी कधी इचारलं न्हाई त्यायला, आम्ही म्हणायचो, अप्पा, झोपा!

दुसऱ्या दिवशी किशनरावांचे साडू आले. मग साडूच्या गावचे. मग कंधारचे दोन जण. अण्णारावांनी ओट्यावर खुर्च्या मांडल्या, स्वतःच्या घरच्या! अण्णाराव आता दाराशी उभे राहतेत आन् एक-एकाला आत सोडतेत, "एका टायमाला एकच पालक, गारवा कमी होतोय." मी पाटी लावली, 'हे क्लासचे ऑफिस नाही. हे घर आहे.' मोठ्या अक्षरात! तर लोक पाटी वाचून एकमेकाला म्हणतेत, "बघा, गर्दी होऊ न्हाई म्हणून लिहिलंय. चांगल्या क्लासला जाहिरात लागत न्हाई."

मी अप्पांना म्हणलं, अप्पा, झोप? म्हणले, "झोप मेल्यावर हायच की. भायेर तीन जण बसलेत, कुणाचं लेकरू उन्हात हाय." आन् रिमोट हातात घेऊन म्हणतात कसे, "चोवीसवर ठेवतो, बावीसला त्या मुखेडच्या बाईला शिंक आली." रिमोट आता त्यांच्याच खिशात असतो. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवायची, हे मल्लेशला तेच फोन करून सांगतेत.

मागच्या हप्त्यात डॉक्टरीणबाईकडं नेलं. बीपी बघितला, परत बघितला. वजन दोन किलो वाढलेलं. "काका, छान आहे सगळं. दुपारची झोप घेतात वाटतं नियमित?" मी म्हणलं, हाव, लई गार झोपतेत. खोटं बोललो, पर मनातून लई बरं वाटलं, खरं सांगतो. वर्साआधी ज्या बाकड्यावर रडलो त्याच बाकड्यावर बसून अप्पा त्या डॉक्टरीणबाईच्या भाच्याला कंचं होस्टेल चांगलं ते सांगून राहिले होते.

आता कालचं ऐका, मग उठा. काल माझंच डोकं गरगरायला लागलं उन्हानं. चव्वेचाळीस डिगरी. म्हणलं, घरी जावं, एसी हाय आपल्या घरी, आपल्या लेकीनं पाठवलेला, आपण कधी त्याच्याखाली आडवं झालो? न्हाई! दोन वाजता घरी गेलो. दारात सात जोड चपला. ओट्यावर खुर्च्या भरलेल्या. दार ढकललं तर अण्णारावांनी हात आडवा घातला, "अमरनाथ, नंबरानं." म्हणलं, आरं माझं घर हाय हे! आतून अप्पांनी काचंतून बघितलं. हात वर केला, मला वाटलं बोलावून राहिले. "अमरा, बस जरा भायेर. कंधारची मंडळी हायत, लेकरू रडून राहिलंय. हे झाले की तुला घेतो."

बसलो. शेवटची खुर्ची रिकामी होती, ती कामून रिकामी होती ते बसल्यावर कळलं. एसीचा भायेरचा डबा बराबर तिच्या डोक्यावर. आत जेवढं गार, तेवढी गरम हवा माझ्या टाळूवर! घागर तापवायला ठेवावी तसा बसलो. शेजारी एक सज्जन, देगलूरकडचे, मांडीवर मार्कलिस्टीची पिशवी. माझ्याकडं कनवाळूपणानं बघितलं, त्यायच्या बाटलीतलं पाणी पुढं केलं. म्हणले, "लई दमलात. पोराचं ॲडमिशन का पोरीचं?"

मी म्हणलं, न्हाई, आत माझे वडील हायत.

ते चमकले. "वडलांनाबी घेतेत का हितं?"

म्हणलं, हाव. त्यांचं ॲडमिशन झालं पक्कं. आता माझं होतंय का बघून राहिलो.